मन खाते तेव्हा : मुक्तिबोधांचा 'ब्रह्मराक्षस' आणि मनाची समजूत

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.

- गजानन माधव मुक्तिबोध यांच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेतील स्वतःला दोष देणाऱ्या आवाजाचे स्वरूप सांगता येईल.
- आत्मधिक्कार, आत्मगौरव आणि मनाची समजूत या तीन गोष्टींतील फरक कवितेच्या आधारे स्पष्ट करता येईल.
- मनाशी बोलण्याच्या मराठी काव्यपरंपरेशी या कवितेची तुलना करता येईल.

१. प्रस्तावना

मराठीत आपण सहज म्हणतो, 'माझं मन मला खातंय.' चूक झाल्यावर मन खाते. चूक झालेली नसली तरी खाते. याच अर्थाच्या जवळपासचा दुसरा शब्द आहे 'टोचणी'. मनाला टोचणी लागली की माणूस उठतो, राहिलेले काम करतो, ज्याला दुखावले त्याची माफी मागतो. टोचणीने हालचाल होते. मन खाऊ लागले की मात्र माणूस जागच्या जागी झिजतो. भाषेने हा फरक फार पूर्वीच टिपून ठेवलेला आहे.

याच संदर्भातला आणखी एक वाक्प्रचार म्हणजे 'मनाची समजूत घालणे'. समजूत घालणे म्हणजे शांत करणे. त्याचबरोबर समजावून सांगणे, उमज पाडणे असाही त्यात अर्थ आहे. रडणाऱ्या मुलाला खाऊ देऊन गप्प करता येते, पण ती समजूत नव्हे. त्याला काय झाले ते विचारून, ऐकून घेऊन, मग चार गोष्टी सांगितल्या तर ती समजूत.

'स्वतःशी वाईट बोलू नका, चांगले बोला' असा सल्ला आज सर्वत्र दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे असे नाही. पण वाईट शब्द काढून त्या जागी गोड शब्द बसवले की मन खायचे थांबते का, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत पाठात हा प्रश्न आपण एका कवितेला विचारणार आहोत. स्वतःला दोष देणाऱ्या आवाजाचे इतके बारकाईने चित्रण करणारी कविता आधुनिक भारतीय साहित्यात क्वचितच सापडेल. ती हिंदीत आहे, पण तिचा कवी मराठी घरातला आहे. या विषयावर त्याने लिहिलेले एक महत्त्वाचे गद्य जबलपूरच्या एका मासिकाशी जोडलेले आहे.

२. कवी आणि जबलपूर

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घराणे मूळचे खानदेशातले. वडील पोलिस खात्यात. घरात मराठी बोलली जाई. आईला प्रेमचंद आणि ह. ना. आपटे हे दोन्ही लेखक प्रिय होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले आणि 'नवी मळवाट', 'यात्रिक' या संग्रहांचे कवी व एक महत्त्वाचे समीक्षक म्हणून मान्यता पावले. थोरल्या भावाने मात्र लेखनासाठी हिंदी निवडली. १९४३ साली अज्ञेय यांनी संपादित केलेल्या 'तार सप्तक'मधील सात कवींपैकी ते एक होते.

१९४६-४७च्या सुमारास मुक्तिबोध जबलपूरला होते. तेथे त्यांनी हितकारिणी शाळेत शिकवले आणि 'जयहिंद' या दैनिकातही काम केले. तेव्हा जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही राजधानी होती. त्याआधी, १८१७ पर्यंतची काही दशके जबलपूर मराठ्यांच्या अमलाखाली होते. त्यामुळे मराठी कुटुंबाला हे शहर परके नव्हते. जबलपूरहून मुक्तिबोध नागपूरला गेले आणि १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

जबलपूरशी त्यांचा संबंध मात्र तुटला नाही. विनोदी-उपरोधिक लेखनासाठी प्रसिद्ध असलेले हरिशंकर परसाई त्यांचे स्नेही होते. १९५६ पासून परसाई जबलपूरहून 'वसुधा' हे मासिक काढू लागले. मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी' या लेखमालेतील अनेक लेख त्यात आले. या लेखांकडे आपण सातव्या भागात वळू.

मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत वारले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो हातात घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. दीर्घ कविता ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत. 'झाले' असे म्हणणे त्यांना जड जाई. 'ब्रह्मराक्षस' वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. अपुरेपणाचा तो अनुभव कवीला बाहेरून माहीत झालेला नाही.

३. कवितेतील प्रसंग

लोककल्पनेत ब्रह्मराक्षस म्हणजे विद्वान ब्राह्मणाचे अतृप्त भूत. मराठीत त्याला 'समंध' किंवा 'ब्रह्मसमंध' असेही म्हणतात. विद्या मिळवली पण ती कोणाला दिली नाही, म्हणून तो अडकला, अशी या कल्पनेमागची धारणा आहे.

मुक्तिबोधांचा ब्रह्मराक्षस राहतो तो गावाबाहेरच्या पडक्या भागातील एका सोडून दिलेल्या पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत. वर औदुंबराच्या फांद्यांचे जाळे आहे, घुबडांची रिकामी घरटी आहेत, काठाशी पांढरी तगर आणि तांबडी कण्हेर आहे. आत खोल पाण्यात तो बसलेला आहे आणि आपले अंग धूत आहे. हात, छाती, तोंड तो एकसारखे घासतो. त्याला वाटते, अंगावर मळ आहे. मळ निघत नाही, म्हणून तो आणखी घासतो. घासता घासता मंत्र पुटपुटतो, शिव्याही देतो. त्या आवाजाचे पडसाद विहिरीतच घुमतात आणि मूळ आवाज व पडसाद यांची आपसांत जुंपते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की मूल आधी इतरांशी बोलते, मग मोठ्याने स्वतःशी बोलते आणि पुढे तेच बोलणे आत जाऊन मनातले बोलणे बनते. म्हणजे मनातला आवाज मुळात माणसांमधला असतो. ब्रह्मराक्षसाच्या बारवेत मात्र दुसरे माणूसच नाही. त्याच्या बोलण्याला उत्तर मिळते ते त्याच्याच बोलण्याचे. म्हणून ते बोलणे कधी बदलत नाही आणि कधी संपत नाही. 'मन खाणे' या क्रियेचे याहून नेमके दृश्य सांगणे कठीण आहे.

४. मळ कोणता?

वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो की याने असे कोणते पाप केले आहे? कविता कोणतेही पाप सांगत नाही. हे या कवितेचे मोठे वैशिष्ट्य आहे. ब्रह्मराक्षसाचे दुःख वाईट वागल्याचे नाही. वाईट आणि चांगले यांच्यातल्या झगड्यापेक्षा चांगले आणि त्याहून चांगले यांच्यातला झगडा अधिक तीव्र असतो, असे कविता सुचवते. काळोख्या जिन्याचे एक दृश्य येथे येते. तो पायऱ्या चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, गडगडत खाली येतो. पाय मुरगळतात, छातीवर जखमा होतात. तरी जिना संपत नाही, कारण परिपूर्णता ही शेवटची पायरी त्या जिन्याला नाहीच.

विद्यार्थिदशेत हा अनुभव ओळखीचा असतो. निबंध लिहून झालेला आहे, पण द्यावासा वाटत नाही. पहिला परिच्छेद अकराव्यांदा लिहिला जातो. मुदत टळून जाते. मग मनातला आवाज म्हणतो, 'बघ, मी म्हणत होतो ना, तुझ्याने होणार नाही.' बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो, पण तो आळस नाही. कामात मळ राहिला आहे असे वाटून चाललेले ते घासणे आहे. चुकीबद्दलची टोचणी चूक दुरुस्त झाली की शमते. अपुरेपणाबद्दल मन खाऊ लागले तर ते कशानेच शमत नाही, कारण दुरुस्त करण्याजोगी ठरावीक चूकच तेथे नसते.

५. धिक्काराची दुसरी बाजू

येथवरच्या वर्णनावरून कोणी म्हणेल की या बिचाऱ्याने स्वतःबद्दल चांगले बोलायला शिकावे. पण कवितेत तो स्वतःबद्दल चांगलेही बोलतो, किंबहुना फारच चांगले बोलतो. दुपारी एखादी सूर्यकिरणाची तिरीप विहिरीच्या भिंतीवर पडते, तेव्हा त्याला वाटते, सूर्याने वाकून आपल्याला नमस्कार केला. रात्री वाट चुकलेले चांदणे आत उतरते, तेव्हा त्याला वाटते, चंद्राने आपल्याला गुरू मानले. मग त्याच्या अंगात उत्साह संचारतो आणि तो वेदांपासून मार्क्स, रसेल, टॉयन्बी, सार्त्र, गांधी यांच्यापर्यंत सर्वांच्या सिद्धान्तांचे नवे विवरण करू लागतो. आणि ते करत असतानाही अंग घासणे सुरूच असते.

हा तपशील समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. मळकट असल्याची भावना आणि सूर्याने नमस्कार केल्याची भावना या एकमेकींच्या विरोधी वाटतात. कवितेत त्या शेजारी शेजारी नांदतात आणि एकीने दुसरी कमी होत नाही. दोन्हींत तो आपली किंमतच मोजत बसलेला आहे. कधी माप शून्याखाली जाते, कधी आभाळाला भिडते. मोजणे थांबत नाही.

'मी उत्तम आहे, मी यशस्वी आहे' अशी वाक्ये घोकण्याच्या उपायाची मर्यादा येथे दिसते. २००९ साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच बरे होते, त्यांना अशी वाक्ये म्हणून थोडे बरे वाटले. ज्यांचे मत खालावलेले होते, त्यांना मात्र अधिकच वाईट वाटले. म्हणजे ज्याला औषधाची गरज, त्यालाच ते बाधते. कारण उघड आहे. 'मी उत्तम आहे' म्हणताच मन पुरावा मागते, आणि पुरावा शोधू लागले की पुन्हा मोजमाप सुरू होते.

६. कवितेतील दुसरा आवाज

'ब्रह्मराक्षस' कवितेत दोन आवाज आहेत. एक विहिरीतल्या भुताचा. दुसरा विहिरीच्या काठावर उभे राहून हे सारे सांगणाऱ्या निवेदकाचा. तगर आणि कण्हेर या दुसऱ्यालाच दिसतात. भुताला सूर्याचा नमस्कार दिसतो, फूल दिसत नाही.

निवेदक सुरुवातीला दुरून पाहतो. हळूहळू तो भुताचा इतिहास सांगू लागतो. हा माणूस योग्य गुरूच्या शोधात भटकला होता. पण काळ बदलला, कीर्तीचा आणि नफ्याचा व्यापार करणारे पुढे आले, आणि आतले व बाहेरचे अशा जात्याच्या दोन तळ्यांत हा भरडला गेला. काटेरी झुडपाच्या अंधारात एखादा पक्षी मरून पडावा तसा तो कोणाच्या नकळत संपला.

यानंतर कवितेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण येतो. निवेदक म्हणतो की त्या दिवसांत त्याची माझी गाठ पडली असती, तर त्याची व्यथा मी स्वतः जगलो असतो आणि मग त्याला त्याचे मोल सांगितले असते. कवितेच्या शेवटी तो इच्छा व्यक्त करतो की आपण या ब्रह्मराक्षसाचे हृदय भरून आलेले शिष्य व्हावे, आणि त्याचे अर्धे राहिलेले काम तर्कशुद्ध शेवटापर्यंत न्यावे.

या आवाजाची तीन लक्षणे सांगता येतील.

पहिले, तो मोल सांगतो, पण व्यथा जगल्यानंतर. दुःख न ऐकताच 'तू थोर आहेस' असे तो म्हणत नाही. आधी ऐकणे, मग सांगणे हा समजूत घालण्याचा क्रम तो पाळतो.

दुसरे, तो न्यायाधीशाच्या जागेवर बसत नाही. धिक्कार करणारा आणि गौरव करणारा, दोघेही निकाल देतात. एक शिक्षा सुनावतो, दुसरा निर्दोष सोडतो. शिष्य निकाल देत नाही. तो गुरूकडून घेतो आणि पुढे चालतो.

तिसरे, त्याचे लक्ष माणसाच्या किमतीवरून कामाकडे वळते. अर्धे राहिलेले काम हा भुताच्या दृष्टीने नालायकीचा पुरावा होता. शिष्याच्या दृष्टीने तोच वारसा आहे. वस्तू एकच, पण एकाला ती खाते आणि दुसऱ्याच्या हाती ती सोपवली जाते.

मुक्तिबोधांनी याच कल्पनेवर 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथाही लिहिली आहे. विद्येच्या शोधात काशीला आलेला एक खेडवळ मुलगा एका ओसाड वाड्यात राहणाऱ्या गुरूपाशी बारा वर्षे शिकतो. शिक्षण संपते त्या दिवशी जेवताना गुरूचा हात लांबत जाऊन तूप आणतो आणि मुलाला कळते की आपला गुरू भूत आहे. गुरू सांगतो की विद्या देण्याजोगा शिष्य मिळाला नाही म्हणून मी अडकलो होतो. आता तू ती दुसऱ्याला दिल्याशिवाय तुलाही सुटका नाही. कवितेत शिष्य उशिरा येतो, कथेत वेळेवर येतो. दोन्हींचे सांगणे एकच. एकटेपणात साठवलेली आत्मपरीक्षा भूत होते. दुसऱ्यापर्यंत पोचली तर ती विद्या होते.

७. 'तिसरा क्षण' : मित्राशी बोलल्यासारखे

शिष्याचा हा आवाज रोजच्या जगण्यात कसा आणायचा? याचे उत्तर 'एक साहित्यिक की डायरी'च्या रचनेत मिळते. नावात डायरी असली तरी हे लेख तारीखवार नोंदी नाहीत. त्यांत लेखक कोणाशी तरी बोलत असतो. 'तीसरा क्षण' या लेखात केशव नावाचा मित्र आहे. तो सांगतो, लेखक शंका काढतो, चिडतो, विचार करतो, पुन्हा विचारतो. हे मित्र खरे की कल्पित, हा प्रश्न येथे गौण आहे. स्वतःच्या शंकांना मुक्तिबोधांनी मित्राचे रूप दिले, ही गोष्ट महत्त्वाची. शंका तेवढ्याच कडक राहिल्या, पण त्यांना समोर बसायला जागा मिळाली.

या लेखात कलानिर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला, जीवनातल्या उत्कट अनुभवाचा क्षण. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर जणू एक कल्पनाचित्र होऊन उभा राहण्याचा क्षण. तिसरा, त्या चित्राला शब्द देण्याची सुरुवात आणि ती पूर्णत्वाला जाईपर्यंतची वाटचाल.

आपल्या विषयासाठी दुसरा क्षण कळीचा आहे. दुःख माझेच असते, पण ते माझ्या अंगावरून उतरून समोर उभे राहते. मग त्याच्याकडे पाहता येते, त्याला प्रश्न विचारता येतात. ब्रह्मराक्षस पहिल्या क्षणातच अडकला आहे. मळ आणि आपण यांत त्याला अंतरच दिसत नाही, म्हणून मळ काढताना तो स्वतःलाच सोलून काढतो. कवितेचा निवेदक दुसऱ्या क्षणापर्यंत पोचला आहे. त्याच्यासमोर ते भूत उभे आहे आणि म्हणून त्याला त्याची कणव येते.

अलीकडच्या मानसशास्त्रातही या अंतराला महत्त्व मिळाले आहे. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की ताणाच्या प्रसंगी 'मी' ऐवजी स्वतःचे नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून स्वतःशी बोलणारे लोक कमी घाबरतात आणि बरे बोलू शकतात. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेची संकल्पना मांडली. तिच्यात स्वतःशी ममतेने वागणे, असे सर्वांचेच होते याची जाणीव आणि दुःखाकडे भान ठेवून पाहणे ही तीन अंगे आहेत. मुक्तिबोधांचा शिष्य या तिन्ही गोष्टी करतो. त्याखेरीज तो काम पुढे नेतो; ही भर मुक्तिबोधांची आहे.

८. मराठी परंपरेतील मनाशी संवाद

मनाला 'तू' म्हणून हाक मारण्याची रीत मराठी काव्यात जुनी आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांची संख्या २०५. ते बहुतेक मनाला उद्देशून आहेत आणि आरंभीच मनाला 'सज्जन' असे संबोधले आहे. पुढे रामदास मनाला कडक शब्दांत अनेक गोष्टी सांगतात, कधी खडसावतातही. पण ज्याला ते खडसावतात, तो आधीच सज्जन ठरलेला आहे. मनाचे मोल पणाला लागलेले नाही. वर्तनाविषयी बोलणे चालू आहे. ब्रह्मराक्षसाला हे संबोधनच कोणी शिकवले नाही.

तुकारामांनी एकांतात आपला आपल्याशीच वाद चालतो असे म्हटले आहे, पण त्या अभंगात झाडेवेली आणि वनातले प्राणी त्यांचे सोयरे आहेत. एकांत आहे, एकाकीपण नाही. ब्रह्मराक्षसाच्या बारवेवरही झाडे आणि फुले आहेत, पण ती त्याची सोयरी झाली नाहीत.

तिसरे नाव बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे. त्या खानदेशातल्या असोद्याच्या. त्यांचे मनावरचे गाणे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. उभ्या पिकात शिरणाऱ्या मोकाट गुरासारखे मन त्या रंगवतात. कितीही हाकलले तरी ते परत येते. ही तक्रार आहे, पण तिच्यात तिटकारा नाही. ढोर पिकात शिरले म्हणून शेतकरीण स्वतःला नालायक समजत नाही. काठी घेते आणि पुन्हा हाकलते. मनाच्या खोड्यांकडे मिस्कीलपणे पाहणे हीसुद्धा समजूत घालण्याचीच एक तऱ्हा आहे. मुक्तिबोधांच्या कवितेत ही मिस्कीली नाही. तेथे वातावरण सतत गडद राहते, हा दोन प्रतिभांमधला फरक नोंदवावा लागतो.

मुक्तिबोधांवर या तिघांचा थेट प्रभाव आहे असा येथे दावा नाही. मनाशी बोलण्याच्या चार निरनिराळ्या रीती शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचे वेगळेपण स्पष्ट होते, एवढाच तुलनेचा हेतू आहे.

९. मतभेद आणि मर्यादा

मुक्तिबोधांच्या कवितेतील आत्मसंघर्षावर हिंदी समीक्षेत मोठा वाद झाला आहे. नामवर सिंह यांनी 'कविता के नये प्रतिमान' (१९६८) या ग्रंथात मुक्तिबोधांच्या 'अँधेरे में' या दीर्घ कवितेला मध्यवर्ती स्थान दिले आणि तिच्यात स्वत्वाचा शोध पाहिला. रामविलास शर्मा यांनी 'नयी कविता और अस्तित्ववाद' (१९७८) मध्ये या काव्यातील अपराधभाव व दुभंगलेपण यांकडे व्यक्तीच्या मानसिक विकाराची लक्षणे म्हणून पाहिले. 'ब्रह्मराक्षस' पुरते बोलायचे तर कविता स्वतःच भुताच्या अवस्थेला आदर्श मानत नाही. ती त्याला मृत म्हणते आणि त्याच्यासाठी शोक करते. म्हणून विकाराचे उदात्तीकरण केल्याचा आक्षेप या कवितेला लागू होत नाही. मात्र शिष्याचा आवाज कवितेत इच्छेच्या रूपातच राहतो, तो प्रत्यक्षात आलेला दिसत नाही, ही तिची मर्यादा मान्य करावी लागते.

दुसरी बाब जात्याच्या बाहेरच्या तळीची. ब्रह्मराक्षस केवळ स्वतःच्या स्वभावाने मेला नाही. कीर्ती आणि नफा यांच्या व्यवहाराने त्याला जागा ठेवली नाही, असे कविता सांगते. फी भरता न आलेल्या, घरचे काम करून शिकणाऱ्या, इंग्रजी अडखळते म्हणून वर्गात हसे झालेल्या विद्यार्थ्याला 'स्वतःशी प्रेमाने बोल' एवढेच सांगणे म्हणजे बाहेरची तळी झाकून ठेवणे होय. 'तुझ्याने होणार नाही' हे वाक्य त्याच्या मनात उगवलेले नसते. ते त्याला अनेकांनी ऐकवलेले असते. ते कोणाचे आहे हे ओळखणे हाही समजुतीचाच भाग आहे.

तिसरी मर्यादा साहित्याची आहे. कविता उपचाराची जागा घेऊ शकत नाही. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी देशभर उपलब्ध आहे.

१०. समारोप

'ब्रह्मराक्षस' ही कविता कठोर आवाजाच्या जागी गोड आवाज ठेवत नाही. गोड आवाजही त्याच विहिरीतला असतो, हे ती सूर्याच्या नमस्कारातून दाखवते. ती आवाजाची जागा बदलते. विहिरीच्या तळाशी निकाल देणारा एक जण होता. काठावर ऐकणारा आणि काम पुढे नेणारा दुसरा उभा राहतो. जबलपूरच्या 'वसुधा'तील लेखांत हाच दुसरा आवाज मित्राच्या रूपाने बोलतो.

ममतेने बोलणे म्हणजे स्वतःकडून कमी अपेक्षा ठेवणे, अशी भीती अनेक चांगल्या विद्यार्थ्यांना वाटते. मुक्तिबोधांचा शिष्य अपेक्षा कमी करत नाही; तो काम शेवटापर्यंत नेणार आहे. ते काम गुरूच्या लायकीचा पुरावा म्हणून त्याला करायचे नाही, एवढाच फरक आहे. अर्धा राहिलेला निबंध समोर असताना 'मी कसा आहे?' असे विचारले की घासणे सुरू होते. 'पुढचे वाक्य कोणते?' असे विचारले की लिहिणे सुरू होते.

स्वाध्याय

१. 'टोचणी लागणे', 'मन खाणे' आणि 'मनाची समजूत घालणे' या वाक्प्रचारांतील फरक 'ब्रह्मराक्षस' कवितेतील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

२. सूर्याने नमस्कार केल्याचा भास आणि अंग घासत राहणे या दोन कृतींमधील संबंध सांगा.

३. कविता व 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा यांतील शिष्याच्या भूमिकेची तुलना करा.

४. रामदास, तुकाराम आणि बहिणाबाई यांच्यापैकी कोणत्याही एका कवीच्या मनाशी बोलण्याच्या रीतीवर टीप लिहा.

५. उपक्रम : स्वतःच्या एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या कामाविषयी मनात येणारी वाक्ये लिहून काढा. ती सर्वप्रथम कोणाकडून ऐकली होती ते आठवून पाहा. त्यानंतर एखाद्या मित्राने तेच काम तुमच्याकडे सोपवले आहे असे समजून त्याला दहा ओळींचे पत्र लिहा.